किट कारची स्टेपनी काढायची आहे. १५ किलो वाचतील, पण मागे आणखी काय काय बदलावं लागेल?

पिवळी_सात

नमस्कार मंडळी.

गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीची किट कार आहे, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडलेली. चौकोनी नळ्यांची चासी, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे एस्कॉर्टचा अखंड एक्सल आणि ड्रम ब्रेक, पुढे डिस्क. ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही, पेडलवर बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटून देणारा दांडा) आहे. स्टेपनी डिक्कीच्या मागच्या पत्र्याबाहेर नळीच्या लोखंडी कॅरियरवर टांगलेली आहे. नंबर प्लेट आणि तिचा दिवाही त्याच कॅरियरवर आहेत.

आकडे असे: रिम-टायरसकट चाक १३.२ किलो, कॅरियर १.८ किलो, म्हणजे बरोबर १५. व्हीलबेस २२५० मिमी. मागच्या एक्सलच्या मध्यापासून स्टेपनीचा मध्य ६०० मिमी मागे. माझ्यासकट आणि अर्धी टाकी भरून गाडी ६३५ किलो भरते: पुढे २९०, मागे ३४५. टाकी ३६ लिटरची, एक्सलच्या मागेच. चारही टायर १८५/६० आर १३. मागच्या स्प्रिंगा १५० पौंड/इंच, पुढच्या २००.

स्टेपनी काढली तर गाडीच्या वागण्यात कळण्याइतका फरक पडेल का? काढताना काय सांभाळायचं? आणि पंक्चर झालं तर काय करायचं? "नुसती खोल आणि फेकून दे" हे उत्तर ऐकून झालंय, त्यामुळे त्यापुढचं सांगा.

---

वजनकाटा

आकडे दिलेत हे बरं केलंत, नाहीतर असे धागे हवेतच तरंगत राहतात.

१५ किलो एक्सलच्या मागे लोंबतात, म्हणून मागून १५ पेक्षा जास्त जातात. १५ × ६०० ÷ २२५० = ४. म्हणजे आत्ता स्टेपनी पुढची चाकं ४ किलोंनी उचलून धरतेय. ती निघाली की मागच्या एक्सलवरचे १९ किलो कमी होतील आणि पुढच्यावर ४ वाढतील. नवं वजन पुढे २९४, मागे ३२६, एकूण ६२०. मागचा वाटा ५४.३ टक्क्यांवरून ५२.६ वर येतो.

सरळ रस्त्यावर फार अपेक्षा ठेवू नका. वजन २.४ टक्के घटलं. शून्य ते शंभरला साडेपाच सेकंद घेणारी गाडी फार तर सेकंदाचा आठवा भाग वाचवेल. कमाई वळणात आहे. गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या साधारण १.०३ मीटर पुढे येतो, म्हणजे स्टेपनी त्याच्यापासून १.६३ मीटर लांब. वळायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो: १५ × १.६३ × १.६३ म्हणजे जवळपास ४० किलो-मीटर वर्ग. हेच १५ किलो सीटखालून काढले असते तर, अंतर ०.६३ मीटर धरून, जेमतेम ६ वाचले असते. तेवढ्याच किलोंचा साडेसहा पट परिणाम. डावं-उजवं-डावं अशा लागोपाठच्या वळणांत मागचा भाग लंबकासारखा उशिरा येतो, ते कमी होईल. म्हणून वजन कमी करायच्या यादीत स्टेपनी वरच्या नंबरावर असते. किलोंपेक्षा ते किलो कुठे टांगलेत हे महत्त्वाचं.

आता उंची. मागे प्रत्येक चाकावर साडेनऊ किलो, म्हणजे ९३ न्यूटन कमी झाले. १५० पौंडाची स्प्रिंग म्हणजे २६ न्यूटन प्रति मिमी. शॉकअब्सॉर्बर थोडा तिरका बसलेला असतो म्हणून चाकापाशी २४ धरा. गाडी मागून साधारण ४ मिमी उठेल. पुढे चाकापाशी स्प्रिंग १८ च्या आसपास पडते, तिथे १ मिमी बसेल. एकूण ५ मिमीचा उतार पुढे. डोळ्यांना दिसणार नाही, पण हेडलाइटचा झोत दहा मीटरवर २२ मिमी खाली जाईल.

स्प्रिंगा बदलू नका, उगाच खर्च. कॉलर (शॉकअब्सॉर्बरवरची, स्प्रिंगला टेकू देणारी आट्यांची कडी) तेवढी खाली घ्या. आट्यांचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात कॉलर किती सरकते ते मोजा. २ मिमी असेल तर दोन्ही बाजूंना सारखे दोन फेरे. स्टेपनी मध्यावर टांगलेली असेल तर चारही चाकांवरच्या वजनाच्या डाव्या-उजव्या वाटणीचा हिशोब बिघडत नाही, दोन्हीकडे सारखंच फिरवायचं. फिरवण्याआधी आटे वायर ब्रशने साफ करा आणि गाडी उचलून स्प्रिंगवरचा भार काढा. भाराखाली माती भरलेल्या आट्यांवर कॉलर फिरवली की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात, मग आख्खा शॉकअब्सॉर्बरच बदला.

---

तेरा_चौदा_पाना

हिशोब वर झालाच आहे. मी खोलण्याबद्दल लिहितो, कारण घोळ तिथेच होतात.

आधी बॅटरीची अर्थिंगची तार काढा. पत्र्याच्या पलीकडे वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी आहे हे सगळं काम होईपर्यंत डोक्यात ठेवा. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग यातलं काहीही टाकी जागेवर असताना तिथे चालवायचं नाही. एखादा बोल्ट कापायचाच झाला तर हाताच्या करवतीने, आणि पलीकडे नळी नाही ना हे हाताने चाचपून. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त वाईट, कारण आत वाफ असते.

चाक उतरवल्यावर कॅरियरचे चार बोल्ट दिसतील, बहुतेक एम८. त्यांचे नट डिक्कीत कार्पेटखाली असतात. खोलण्याआधी प्रत्येक बोल्ट आत कुठे जातो ते बघा. किट कारमध्ये बांधणाऱ्याने सोयीसाठी एकाच बोल्टात दोन कामं उरकलेली असतात. टाकीचा पट्टा, रोल बारचा मागचा टेकू, डिक्कीच्या फळीचा ब्रॅकेट, यातलं काहीही त्या बोल्टावर असू शकतं. तसं असेल तर तो बोल्ट काढून सोडून द्यायचा नाही, कॅरियरच्या जाडीएवढ्या कमी लांबीचा ८.८ ग्रेडचा नवा बोल्ट घालून २४ न्यूटन-मीटरला कसायचा. जुनाच लांब बोल्ट वापरला तर नट आटे नसलेल्या भागावर जाऊन अडतो. पाना घट्ट लागतो, पट्टा मात्र सैलच राहतो.

बोल्ट स्टेनलेसचे असतील तर घाई नको. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे तापून एकमेकांना चिकटतात, मग पुढेही नाही आणि मागेही नाही. तेल सोडा, तासभर थांबा, अर्धा फेरा उलटा, पाव फेरा परत, असं करत काढा. नायलॉनवाले नट पुन्हा वापरू नका.

शेवटचे दोन बोल्ट काढताना दुसऱ्या माणसाने कॅरियर धरावा. एकट्याने केलं की कॅरियर एका बोल्टावर लटकतो आणि पातळ पत्र्यातलं भोक लांबुळकं करून ठेवतो.

कॅरियर निघाला की भोकांभोवतीचा पत्रा भिंगातून बघा. खड्ड्यात ३ जी चा दणका बसला की १५ किलोंचे क्षणभर ४५ होतात, तेही पत्र्यापासून वीतभर लांब टांगलेले. इतकी वर्षं तो पत्रा हे सोसत आलाय. भोकापासून निघणारी केसाएवढी चीर दिसली तर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून (टाकी काढून!) आतून १.५ मिमीचा ॲल्युमिनियमचा तुकडा सीलंट आणि रिव्हेटने लावा. चीर नसेल तर नुसतं बुजवणं पुरे.

भोकं उघडी ठेवायची नाहीत. पाणी येतं ते एक, पण गाडी चालताना तिच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथे एक्झॉस्टचा धूर घुटमळतो आणि भोकांतून डिक्कीत, तिथून तुमच्या मानेमागे येतो. रबरी बूच बसवत असाल तर पत्र्याची जाडी मोजून त्या खाचेचं घ्या. १.२ मिमीच्या पत्र्यात ३ मिमी खाचेचं बूच पहिल्या पावसात पडतं.

कॅरियरचा एखादा खुंट चासीला वेल्ड केलेला असेल तर तो तसाच बाहेर ठेवू नका. बाहेर आलेल्या कडांना किमान २.५ मिमीची गोलाई लागते, असं बाहेरील उंचवट्यांबाबतचा आंतरराष्ट्रीय नियम क्र. २६ सांगतो. टाकी काढून खुंट कापा, कानस मारा, प्रायमर लावा, नळीचं तोंड बंद करा. नाहीतर ती आतून गंजते.

आणि अर्थिंग. यात दहातले आठ जण फसतात. नंबर प्लेटच्या दिव्याची अर्थ पुष्कळदा कॅरियरच्या बोल्टातूनच चासीला गेलेली असते. कॅरियर काढला, प्लेट पत्र्यावर दोन रिव्हेटने ठोकली, मध्ये रंग आणि सीलंट. अर्थ गेली. लक्षण ठरलेलं: दिवा लागतच नाही, किंवा तीच अर्थ मागच्या बाकी दिव्यांनाही असेल तर ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो किंवा इंडिकेटरबरोबर नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो. करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बमधून शोधत असतो. प्लेटच्या दिव्यासाठी १ चौ.मिमीची स्वतंत्र तार चासीच्या अर्थ पॉइंटपर्यंत न्या, रिंग टर्मिनल लावा, खालचा रंग खरवडा आणि वरून ग्रीस.

प्लेटसाठी १.५ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, वरच्या कडेला २५ मिमी काटकोनात दुमडलेली, म्हणजे ती थरथरत नाही. किती उंचीवर, किती कलून आणि फॉग लॅम्प कुठे, हे तुमच्याकडच्या नियमात बघून मगच भोकं पाडा. स्टेपनीमुळे आत्तापर्यंत झाकलेला रिफ्लेक्टर किंवा फॉग लॅम्प आता उघडा पडणार असेल तर तेवढा फायदाच.

---

पिवळी_सात

दोघांचेही आभार. बोल्ट तपासले: वरचे दोन नुसते कॅरियरचे, खालचे दोन टाकीच्या पट्ट्यात आहेत. विचारलं नसतं तर चारही काढून मोकळा झालो असतो.

ब्रेकबद्दल कोणी बोललं नाही. १९ किलोंनी काही करावं लागेल का?

---

मागचं_चाक

लागेल. वजन कमी केल्याच्या आनंदात लोक हेच विसरतात.

वर दिलेले आकडेच घेतो. गुरुत्वमध्याची उंची ४५० मिमी धरा, कोरड्या रस्त्यावर ०.९ जी चा ब्रेक धरा. स्टेपनीसकट ६३५ किलोंच्या गाडीत ११४ किलो पुढे सरकतात, मागे २३१ उरतात. स्टेपनी काढल्यावर ११२ सरकतात आणि मागे २१४ उरतात. आता टाकीही संपत आली असं धरा. अर्ध्या टाकीतलं पेट्रोल साडेतेरा किलो आणि तेही एक्सलच्या मागे, म्हणजे मागून आणखी १६ किलो गेले. मग मागे उरतात २०१. म्हणजे आज अर्ध्या टाकीवर तुम्ही जे ब्रेक बरोबर लावून ठेवलेत, त्यांना उद्या मागे १३ टक्के कमी पकड मिळेल. बॅलन्स बार मात्र मागे तेवढाच दाब पाठवत राहणार. मागची चाकं आधी लॉक होतील, आणि मागची चाकं आधी लॉक झालेली आखूड गाडी गर्रकन फिरते, मागचं टोक पुढे येतं. पुढची आधी लॉक झाली तर निदान सरळ जाते.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. तुमची टाकी पूर्ण भरलेली ते रिकामी होईपर्यंत मागच्या एक्सलवरून ३१ किलो जातात. स्टेपनीचे १९ त्यापुढे कमीच. त्यामुळे ब्रेक आधीपासून रिकाम्या टाकीवर लावलेले असतील तर स्टेपनीचा फरक आटोक्यातला आहे. भरल्या टाकीवर लावलेले असतील तर आजच, स्टेपनी असतानाच, तुम्ही कडेवर चालवताय.

लावायचे असे: सगळ्यात हलकी अवस्था, म्हणजे स्टेपनी नाही, टाकीत चार-पाच लिटर, गाडीत एकटा चालक, डिक्की रिकामी. चारही टायरची हवा थंड असताना मोजलेली. मागच्या ड्रमचे शू आधी ॲडजस्ट करा, डावं-उजवं सारखं ओढतंय याची खात्री करा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. मोकळी बंद जागा हवी, रस्ता नको. बाहेर एक जण उभा, त्याला बाजूने चाकं दिसली पाहिजेत. ताशी ५० वरून पेडल हळूहळू वाढवत न्या, दणकन नाही. पुढची चाकं आधी थांबायला हवीत आणि मागची फिरत राहायला हवीत. मागची आधी थांबली तर बार अर्धा फेरा पुढच्या सिलिंडरकडे. पुन्हा तीच चाचणी. कोरड्यावर बसलं की ओल्यावरही करा.

कोरड्यावर पुढच्या सिलिंडरकडे दिलेला फेरा ओल्यावर मागे घ्यावासा वाटेल. ओल्यात वजन कमी सरकतं, मागे पकड जास्त उरते, म्हणून मागचे ब्रेक "कमी" वाटतात. रस्त्यावरच्या गाडीत ते तसंच राहू द्या.

ज्यांच्या गाडीत बॅलन्स बार नाही त्यांनी मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालावा. फक्त मागच्या, पुढच्या लाइनमध्ये कधीच नाही. आणि सर्किट तिरपं वाटलेलं असेल (एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं) तर एका व्हॉल्व्हने काम होत नाही, दोन्ही मागच्या लाइनींना सारखे दोन लागतात.

बार फिरवल्यावर त्याचं लॉकनट कसा आणि पेडल पूर्ण दाबून बार कुठे अडत नाही ना ते बघा. टोकाला नेलेला बार तिरका होऊन क्लेव्हिसला (बार आणि सिलिंडर जोडणाऱ्या चिमट्याला) टेकतो, तेव्हा एका सर्किटकडे दाब पोचतच नाही.

---

हवापाणी

पंक्चरचा प्रश्न राहिला.

आधी हलक्या गाडीची एक खोड समजून घ्या. तुमच्या गाडीला १८ ते २० पीएसआय पुरतात. इतक्या हलक्या गाडीखाली टायर १० पीएसआयलासुद्धा भरलेलाच दिसतो, खाली फुगवटा येत नाही. जड गाडीत जे डोळ्यांना दिसतं ते इथे दिसत नाही. आणि दाब मुळातच कमी असल्यामुळे त्यातले ८ पीएसआय गेले की वळणात टायरची कड रिमवरून सुटू शकते. स्टेपनी नसेल तर हे जास्तच महागात, कारण सुटलेली कड बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने परत बसत नाही. म्हणून मोजमाप हवंच: दर वेळी निघण्याआधी गेज, किंवा व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे दाब-सेन्सर. सेन्सर घेतलेत तर इशाऱ्याची मर्यादा तुमच्या दाबाप्रमाणे लावा. कारखान्यातून येणारी सेटिंग साध्या गाडीची असते, ती २० पीएसआयला सतत बोंबलत राहील आणि मग तुम्ही ते बंदच करून टाकाल.

सामान: ट्यूबलेसच्या स्ट्रिप आठ-दहा, टोचा आणि सुईची मूठ (टी आकाराची मजबूत मूठ घ्या, सरळ मूठ ऐन वेळी हातात फिरते), रबर सोल्यूशन, पक्कड, धारदार पातं, व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली आणि दोन जादा पिना, गेज, बारा व्होल्टचा पंप. सगळं मिळून अडीच किलो. १५ मधून अडीच गेले, साडेबारा राहिले.

पंप साधारण १० अँपियर ओढतो. किट कारच्या सॉकेटला कोणी ५ अँपियरचा फ्यूज लावलेला असतो, घरीच एकदा पंप दहा मिनिटं चालवून बघा. सॉकेटपासून मागच्या चाकापर्यंत तार पोचते का तेही.

स्ट्रिप टाकायला चाक काढायची गरज नाही. मागचं चाक मडगार्डमध्ये दडलेलं असतं, हात जात नाही असं वाटतं. गाडी ढकलून खिळा मागच्या बाजूला, एक्सलच्या उंचीवर येईल अशी थांबवा, मागून हात सरळ पोचतो. पुढचं असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा. चाकांना दगड लावा.

खिळा पकडीने काढताना तो कोणत्या कोनात आत गेलाय ते बघून ठेवा. टोचा त्याच कोनात घाला. सरळ घातला तर टायरच्या थरांत दुसरी वाट पडते आणि स्ट्रिपच्या बाजूने हवा निघत राहते. आठ-दहा वेळा आत-बाहेर, फिरवत. तारा तुटल्याचा खरखरीतपणा हाताला कमी लागेपर्यंत. स्ट्रिप सुईच्या नेढ्यात मध्यापर्यंत ओवा, सोल्यूशन लावा, दोन्ही शेपट्या १५ मिमी बाहेर राहतील इतकं दाबा आणि सुई न फिरवता झटक्यात बाहेर ओढा. शेपट्या ३-४ मिमी ठेवून कापा. हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा.

ट्रेडच्या मधल्या भागात, ६ मिमीपर्यंतच्या भोकाला हे चालतं. खांद्याला किंवा बाजूच्या भिंतीला नाही. कमी दाबाचा टायर तिथे जास्त लवतो, स्ट्रिप सरकून बाहेर येते. आणि ही मदत तात्पुरती समजा: टायर उतरवून आतून बघायचा. कमी हवेत चाललेल्या टायरच्या आत रबराचा चुरा दिसला तर तो टायर गेला.

टायरमध्ये ओतायच्या सीलंटची बाटली माझ्या मते दुय्यम. ती ठेवायची तर तारीख बघून ठेवा, आणि सायलेन्सरच्या बाजूला नको. टाकल्यावर ८० च्या पुढे जायचं नाही, आणि टायरवाल्याला उघडण्याआधी सांगायचं की आत सीलंट आहे. हलक्या गाडीत सीलंटचा गोळा एका जागी बसला की स्टिअरिंग थरथरतं.

काहीजण पंपाऐवजी सायकलवाल्यांच्या कार्बन डायऑक्साइडच्या १६ ग्रॅमच्या कुप्या सुचवतील. तुमच्या टायरचं पोट साधारण २५ लिटरचं. १८ पीएसआयला ३१ लिटर वायू लागतो, एक कुपी साडेआठ लिटर देते. म्हणजे एका टायरला चार कुप्या, आणि पहिल्यांदा स्ट्रिप नीट बसली नाही तर आणखी चार. पंपच घ्या.

---

जुना_गिअर

सगळ्यांचं पटतंय, पण एक उलटा सूर. धागाकर्त्यांचे चारही टायर एका मापाचे आहेत. म्हणजे त्यांची स्टेपनी खरोखर चारही जागी बसते. पुढे अरुंद, मागे रुंद अशा गाड्यांत स्टेपनी अर्धी निकामीच असते, तिथे मी एका शब्दाने अडवणार नाही. इथे मात्र भिंत फाटली तर स्ट्रिप, सीलंट, पंप यातलं काहीच उपयोगी नाही, स्टेपनी आहे. १३ इंची टायर आता कुठल्याही दुकानात पटकन मिळत नाहीत हेही धरा.

म्हणून सुटसुटीत करा, कायमची काढू नका. वरच्या दोन भोकांमागे आतून ३ मिमी जाडीची पट्टी, तिला वेल्ड केलेले एम८ नट, आणि पट्टी पत्र्याला सीलंट-रिव्हेटने. खालच्या दोघांना पट्ट्याचे बोल्ट आहेतच, तिथे लांब बोल्टाऐवजी स्टड (डोकं नसलेला, आट्यांचा कायम बसवलेला दांडा) ठेवा, म्हणजे कॅरियर लावता-काढताना टाकीचा पट्टा सुटणार नाही. पत्र्यात थेट रिव्हेटनट (रिव्हेटसारखा बसवायचा नट) ठोकू नका, १.२ मिमीच्या ॲल्युमिनियममध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जागेवरच फिरायला लागतो. नंबर प्लेट कायमची पत्र्यावर न्यायची तर स्टेपनी लावल्यावर ती झाकली जाणार नाही अशी बाजूला, किंवा कॅरियरवर दुसरा कनेक्टर.

पातळ आणीबाणीच्या चाकाचा विचार कोणाच्या मनात असेल तर: त्याला ६० पीएसआय लागतात, वेग ८० पर्यंत. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन चाकांच्या वेगातला फरक प्लेटींनी रोखणारा) असेल तर वेगळ्या व्यासाचं चाक मागे लावायचं नाही, प्लेटी सतत घासत राहतात. ते पुढे लावा आणि पुढचं चांगलं मागे न्या. यात वाचतात फार तर तीन-चार किलो, तेही तिथेच टांगलेले. मला हा मधला मार्ग बेकार वाटतो.

---

पिवळी_सात

स्टडची कल्पना आवडली. पण मग उंची आणि ब्रेक दोन-दोन प्रकारे लावायचे का? प्रत्येक वेळी कॉलर आणि बार फिरवत बसणं जमणार नाही. आणि स्टेपनी नसताना जॅक ठेवायचा का?

---

मागचं_चाक

ब्रेक एकदाच, हलक्या अवस्थेत. नंतर स्टेपनी टांगली की मागे वजन वाढतं, मागची चाकं लॉक व्हायला आणखी उशीर लागतो. मागच्या ब्रेकचं काम थोडं वाया जातं, पण चूक सुरक्षित बाजूला. उलटं करू नका: स्टेपनी लावून ब्रेक लावायचे आणि मग ती काढायची.

---

वजनकाटा

उंचीचंही तसंच. स्टेपनीशिवाय लावा. टांगली की मागे ४ मिमी बसेल. भरलेली टाकी त्याहून जास्त बसवते आणि त्याची तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. मागच्या शॉकअब्सॉर्बरचा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध) ॲडजस्ट होत असेल तर स्टेपनीशिवाय एक क्लिक कमी करून बघा, स्प्रिंगवरचं वजन हलकं झालंय. फरक जाणवला नाही तर परत ठेवा.

---

हवापाणी

जॅक: स्टेपनी नसेल त्या दिवशी घरी. स्ट्रिपला तो लागत नाही, आणि चाक काढून लावायला दुसरं चाकच नाही. स्टेपनी असेल त्या दिवशी जॅकही घ्या, पण आधी घरी एक टायर पूर्ण रिकामा करून जॅक खाली जातो का ते बघा. ज्या जुन्या गाडीचे भाग वापरलेत तिचा कात्रीवाला जॅक बहुतेक वेळा बसक्या गाडीखाली मावतच नाही. टेकू चासीच्या नळीला, मध्ये लाकडाचा तुकडा, तळाच्या पत्र्याला कधीच नाही. नट खोलायचा पाना आणि लॉकिंग नटची किल्ली मात्र कायम गाडीत ठेवा. टो करून नेली तरी टायरवाल्याला चाक उतरवायचंच असतं.

---

तेरा_चौदा_पाना

स्टड ठेवलात तर कॅरियर नसताना त्यांच्या उघड्या आट्यांवर घुमटी नट चढवा, आधी बोललेल्या गोलाईचा नियम तिथेही लागतो आणि आटेही वाचतात. आटे ठोकरले तर पुढच्या वेळी कॅरियर चढणार नाही. हेडलाइटचा झोत सगळ्यात शेवटी लावा: कॉलर फिरवल्यावर, हवा भरल्यावर, चालकाच्या जागी कोणीतरी बसवून. त्याआधी लावलात तर पुन्हा लावावा लागेल.